एका पाटीखालची गावे

रायगडच्या किनाऱ्यालगत अनेक ग्रामपंचायत कार्यालयांच्या पाटीवर गावाच्या नावाआधी ‘ग्रुप’ हा शब्द लिहिलेला असतो. कायद्याच्या मराठीत ही गट ग्रामपंचायत. बोलण्यात मात्र ‘ग्रुप ग्रामपंचायत’च. दोन, तीन, कधी त्याहून अधिक महसुली गावे आणि त्यांच्या वाड्या मिळून एक पंचायत, एक सरपंच आणि एक दप्तर असा त्याचा अर्थ. पाटीवर नाव मात्र बहुधा एकाच गावाचे येते. उरलेल्या गावांची नावे दाखल्यांवर, मतदार यादीत आणि निवडणुकीच्या भाषणांत आढळतात.

राज्यात २०११ च्या जनगणनेत ४३ हजारांहून अधिक गावे मोजली गेली, तर ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास आहेत. रायगड जिल्ह्यात ही तफावत अधिक ठळक आहे. आठशेच्या आसपास ग्रामपंचायती आणि त्यांच्या दुपटीहून अधिक गावे, असे तिथले प्रमाण. म्हणजे ‘गाव तिथे ग्रामपंचायत’ ही समजूत या जिल्ह्यात अर्ध्याहून जास्त गावांना लागू पडत नाही.

या व्यवस्थेचे मूळ १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात आहे. हाच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ४ मध्ये ‘गाव’ या शब्दाला दिलेला अर्थ लोकव्यवहारातल्या अर्थाहून वेगळा आहे. एक महसुली गाव, महसुली गावांचा गट किंवा वाड्या-वस्त्यांचा समूह, यांपैकी ज्याला शासन अधिसूचनेने ‘गाव’ म्हणून जाहीर करील ते कायद्याचे गाव. देवळे तीन, जत्रा तीन, स्मशाने तीन, तरी कायद्याला तिथे एकच गाव दिसते. गट ग्रामपंचायतीवरचे बहुतेक वाद या एका व्याख्येत दडलेले आहेत. गावे जोडली गेली ही तक्रार त्या मानाने वरवरची आहे. ती कोणी जोडली, कशासाठी जोडली आणि जोडल्यावर धाकट्या गावाच्या हाती काय उरले, हे प्रश्न अधिक खोल आहेत.

किनाऱ्यावरच्या वस्तीची घडणच अशी आहे की गट बांधताना तिचा विचार टाळता येत नाही. देशावर गाव एकवट असते. मध्ये गावठाण, भोवती शिवार, शीव ओलांडली की दुसरे गाव. कोकणपट्टीत, आणि त्यातही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, पेण, उरण या तालुक्यांत, वस्ती लांबट आणि विखुरलेली आहे. पुळणीच्या मागे आगर, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांचा पट्टा. खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा. खाडीच्या आतल्या अंगाला खारेपाट, जिथे समुद्राचे पाणी बांधाने अडवून भातशेती उभी राहिली. आणि पाठीमागच्या डोंगरउतारावर कातकरी-ठाकरांच्या वाड्या. ‘वाडी’ या एकाच शब्दाचे येथे दोन अर्थ होतात. आगरात वाडी म्हणजे पोफळीची बाग, डोंगराकडे वाडी म्हणजे आदिवासींची वस्ती. एका अर्थाची वाडी घरपट्टी आणि पर्यटक आणते. दुसऱ्या अर्थाच्या वाडीखालची जमीन पुष्कळदा वाडीतल्या कोणाच्याच नावावर नसते. दोन्ही वाड्या एकाच पंचायतीत येतात.

त्यामुळे देशावर दोन गावे एकत्र केली तर दोन सारखे शेतकरी समाज एकत्र येतात. किनाऱ्यावर मात्र दोन वेगळे व्यवसाय एकत्र येतात. कोळीवाड्याला जेटी, बर्फ, मासळी सुकवायला जागा हवी असते. खारेपाटाला बांध टिकला पाहिजे. आगरातल्या गावाला शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांचा कचरा आणि मचूळ होत चाललेल्या विहिरी सतावतात. डोंगराकडच्या वाडीला पावसाळ्यात चालण्याजोगा रस्ता आणि घराखालच्या जमिनीचा कागद हवा असतो. पंचायतीच्या आराखड्यात ही चारही कामे एकाच रकमेसाठी एकमेकांसमोर उभी राहतात.

गट सुखाने नांदू शकतो याचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे, आणि ते भूगोलाने घडवले आहे. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, आणि त्यांची ग्रामपंचायत एक. बेटाला शीव समुद्राने घालून दिली आहे. लेण्यांमुळे येणारा पर्यटक, बोटींची वर्दळ, गोड्या पाण्याची टंचाई हे सगळे प्रश्न तिन्ही बंदरांचे सामाईक. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून केबल टाकून वीज आली, ती एका वस्तीला आधी आणि दुसरीला मागून अशी येण्याजोगी बाबच नव्हती. मुख्य भूमीवरच्या गटांना इतकी नैसर्गिक सोय लाभत नाही.

गावांनी एकत्र येण्याची रीत कायद्याने शिकवली असे मात्र नाही. अलिबागच्या किनाऱ्याला ‘अष्टागर’ म्हणतात ते आठ आगरांच्या समूहावरून. ही आठ कोणती यावर याद्या जुळत नाहीत. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी, थळ, किहीम, आवास, सासवणे ही नावे कमी-अधिक फरकाने येतात, काही याद्यांत साखर येते. नावांवर एकमत नसूनही अष्टागराची ओळख शतकानुशतके टिकली, कारण ती बाग, बंदर आणि नातेसंबंध यांतून आली होती. महसुली कारभारात तालुक्याखाली ‘तर्फ’ असे. तिची खूण आजही गावांच्या नावांत आहे. रोहे तालुक्यात चिंचवली तर्फ आतोणे आणि चिंचवली तर्फ दिवाळी अशी दोन वेगळी गावे नोंदलेली आहेत. तर्फेचा कारभार इतिहासजमा झाला, पण दोन चिंचवल्यांना वेगळे ठेवण्याचे काम ती अजून करते.

अधिक महत्त्वाची एकजूट खारेपाटात होती. भरतीचे पाणी अडवणारा मातीचा बांध, पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघडी आणि बांधाआडची खाचरे ही एका माणसाच्या हातची कामे नव्हेत. ज्यांची शेती बांधाआड, त्यांनी आपापल्या वाट्याची मेहनत बांधाला द्यायची, या पद्धतीला ‘जोळ’ म्हणत. जोळ गावाची शीव पाहत नसे. बांधाआड कोणाची जमीन आहे एवढेच तिला ठाऊक असे. भरतीच्या जोराने बांध फुटून खांड पडली तर रात्रीबेरात्री माणसे धावत, कारण खारे पाणी एकदा शिरले की पुढची काही वर्षे पीक हाती लागत नाही. स्थानिक स्वराज्याच्या पाठ्यपुस्तकांत जोळीला जागा मिळालेली दिसत नाही. पण कामाच्या व्याप्तीवरून कारभाराची व्याप्ती ठरवण्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

याच पट्ट्यात १९३३ साली चरी येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोत-सावकारांची जमीन कसायची नाही असे कुळांनी ठरवले, आणि पंचवीस गावे त्यात उतरली. १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, संप चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. एवढी वर्षे पीक न घेता, जंगलातले लाकूड विकून आणि मिळेल ती मजुरी करून पंचवीस गावे एकत्र राहिली, हे कोणत्याही अधिसूचनेने साधले नसते. चरी आणि कोपर ही नावे त्यानंतर जोडीनेच घेतली जातात.

ही पूर्वपीठिका असताना स्वातंत्र्योत्तर काळातले गट मात्र वेगळ्या हिशेबाने बांधले गेले. तो हिशेब लोकसंख्येचा आणि उत्पन्नाचा होता. स्वतंत्र पंचायतीसाठी सर्वसाधारणपणे दोन हजारांची आणि डोंगरी-आदिवासी भागात एक हजाराची वस्ती असावी, असा शासनाचा निकष राहिला आहे. चारशे-पाचशे वस्तीच्या गावाची घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर मिळून शिपायाचा आणि नळ सोडणाऱ्याचा पगारही निघत नाही. ग्रामसेवकाचे पद शासनाचे. तेही प्रत्येक गावाला देणे परवडत नाही. या कारणांत खोट नाही. छोट्या गावाची स्वायत्तता कागदावर शोभून दिसते, पण रिकाम्या तिजोरीची पंचायत आमदाराच्या आणि जिल्हा परिषद सदस्याच्या दारात उभी राहण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

खटकते ते पुढचे. कायद्यानुसार पंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात आणि पंधराशेपर्यंत वस्ती असेल तर सात. समजा, एका गटात आठशे वस्तीचे मोठे गाव, साडेचारशेचे दुसरे गाव आणि दीडशेची वाडी आहे. सात जागा तीन प्रभागांत वाटल्या तर मोठ्या गावाला चार, दुसऱ्याला दोन किंवा तीन, आणि वाडी ज्या प्रभागाला जोडली जाईल तिथे तिचा आवाज विरून जाईल. अनुसूचित जमातीसाठी एक जागा राखीव झाली तर वाडीतला उमेदवार निवडून येतो खरा, पण त्याला निवडतात शेजारच्या गावातली जास्तीची मते. वाडीने एकमुखाने नाकारलेला माणूसही तिचा प्रतिनिधी होऊ शकतो. आरक्षणाने जागा मिळाली तरी ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार वाडीकडे आलेला नसतो.

सरपंचाची थेट निवडणूक हा याच गणिताचा पुढचा टप्पा. २०१७ मध्ये राज्याने ती आणली, २०२० मध्ये रद्द केली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली. सदस्यांतून सरपंच निवडला जात असताना दुसऱ्या गावाचे दोन-तीन सदस्य पारडे फिरवू शकत. अडीच-अडीच वर्षे पद वाटून घेण्याचे तोंडी करारही होत. त्या घोडेबाजारावर टीका पुष्कळ झाली आणि ती योग्य होती. तरी धाकट्या गावाला सौदा करण्याची ताकद त्यातूनच मिळत असे. थेट निवडणुकीत आठशेचे गाव एकजूट राहिले तर उरलेल्या सहाशेंची मते मोजली जातात एवढेच. एका महसुली गावाच्या पंचायतीत जी सुधारणा लोकशाही वाढवते, तीच गट पंचायतीत मोठ्या गावाचे वजन वाढवते. दोन प्रकारच्या पंचायतींसाठी कायदा एकच असल्याचा हा परिणाम आहे.

पैशाचे गणितही असेच चालते. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षे अनुदान थेट ग्रामपंचायतींकडे वळवले. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात त्याचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असे ठरले. वाटपाचा आधार मुख्यतः लोकसंख्या, म्हणजे ९० टक्के, आणि क्षेत्रफळ, म्हणजे १० टक्के. म्हणजेच वाडीतला प्रत्येक माणूस गटाच्या खात्यात रक्कम आणतो. ती रक्कम वाडीवर खर्च झाली का, हे मात्र ताळेबंदात दिसत नाही, कारण ताळेबंद पंचायतीचा असतो; गावनिहाय नसतो. किनाऱ्यावर याची दुसरी बाजूही आहे. ज्या गावात बंगले आणि रिसॉर्ट वाढले, त्याची घरपट्टी गटाला पोसते आणि तिथले रहिवासी आपल्या पैशावर दुसऱ्यांचे रस्ते होतात अशी तक्रार करतात. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गावनिहाय हिशेब मांडला तर निदान त्यांची तपासणी होईल.

युरोपात हाच प्रश्न आणखी छोट्या प्रमाणावर सुटत आला आहे. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे ३,२०० ग्रामपालिका होत्या. आज त्या २,१०० च्या घरात आहेत. कारणे ओळखीची आहेत. तिथे पंचायतीचे काम बहुतांशी गावकरी नोकरीधंदा सांभाळून करतात आणि छोट्या खेड्यात पदे घ्यायला माणसे मिळेनाशी झाली. पाणी, शाळा, सांडपाणी यांचा खर्च शे-दोनशे घरांना झेपेना. फरक पडतो तो जोडण्याच्या रीतीत. न्यूशातेल प्रांतातील त्रावेर खोऱ्यात अकरा गावांना एकत्र येण्याचा प्रस्ताव होता. प्रत्येक गावात मतदान झाले. नऊ गावांनी होकार दिला आणि २००९ च्या १ जानेवारीला ‘वाल-द-त्रावेर’ ही एक ग्रामपालिका झाली. ले व्हेरियेर आणि ला कोत-ओ-फे या दोन गावांनी नकार दिला. ती आजही वेगळी आहेत. खोऱ्याचा नकाशा त्यामुळे थोडा बेढब दिसतो. तिथे तो तसाच ठेवला गेला.

ग्लारुस प्रांताची गोष्ट याहून धाडसी. तिथे मतदार वर्षातून एकदा मैदानात जमून हात वर करून निर्णय घेतात. २००६ च्या मे महिन्यात प्रांतिक सरकारने २५ ग्रामपालिकांच्या दहा कराव्यात असा प्रस्ताव ठेवला. सभेतल्या एका नागरिकाने उठून तीनच करा अशी उपसूचना मांडली आणि सभेने ती उचलून धरली. पुढच्या वर्षी खास सभा बोलावून फेरविचाराची संधी दिली गेली, तेव्हाही निर्णय कायम राहिला. २०११ पासून ग्लारुस उत्तर, ग्लारुस आणि ग्लारुस दक्षिण अशा तीन ग्रामपालिका कारभार पाहतात. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रांताच्या सभेत बहुमत असले तरी एखाद्या लहान गावाचे बहुमत विरोधात असू शकत होते, आणि त्याला वाल-द-त्रावेरमधल्या दोन गावांसारखा नकाराधिकार नव्हता. म्हणजे तिथलीही रीत निर्दोष नाही. पण निर्णय मैदानात झाला, त्याची कारणे बोलली गेली आणि विरोधक कोण हे सर्वांनी पाहिले.

रायगडातल्या गटांचे तसे नाही. धाकट्या गावाच्या म्हाताऱ्या माणसाला आपले गाव कोणत्या साली आणि का दुसऱ्याला जोडले गेले हे विचारले तर ‘पहिल्यापासून असंच आहे’ असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. अधिसूचना राजपत्रात असते, हरकती मागवल्या जातात, पण गावागावांत मतदान घेऊन मग जोडणी, अशी पायरी कायद्यात नाही. बाहेर पडण्याची वाट आहे: ग्रामसभेचा ठराव, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे अभिप्राय, जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल, विभागीय आयुक्त, मंत्रालय. अडचण अशी की ज्या ग्रामसभेने ठराव करायचा ती गटाची असते. वेगळे होऊ पाहणाऱ्या गावाने मोठ्या गावाकडून बहुमत मिळवायचे.

येथे उलट बाजू नीट मांडली पाहिजे, कारण गावाच्या स्वायत्ततेचे कौतुक मराठीत फार सवंगपणे होते. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण गावाने मिळून चांगले काम केले की जशी लागू पडते, तशीच गावाने मिळून एखाद्या घराला वाळीत टाकले की लागू पडते. रायगडच्या किनाऱ्यावर गावकी ही संस्था पंचायतीपेक्षा जुनी आणि अनेकदा पंचायतीपेक्षा बळकट आहे. तिच्याकडे देवळाचा निधी असतो, भांडीकुंडी असतात, जत्रेचे मान असतात आणि दंड करण्याची सवयही असते. सामाजिक बहिष्काराच्या तक्रारी या जिल्ह्यातून इतक्या येत राहिल्या की २०१६ मध्ये राज्याने बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ च्या जुलैत लागू झाला, त्यामागे रायगडातल्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचे घर ठरवले, त्याला याच जिल्ह्याचा अनुभव मागे होता. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला.

या दृष्टीने गट पंचायत हा एक आडोसाही आहे. ज्या गावात गावकी आणि पंचायत एकाच पाच-सहा घरांच्या हाती, तिथे दाखला, नळजोडणी आणि घरकुलाची यादी या सर्वांवर तेच बसतात. पंचायतीचे कार्यालय शेजारच्या गावात असेल, सरपंच दुसऱ्या गावचा असेल, तर वाळीत पडलेल्या कुटुंबाला निदान एक दार उघडे राहते. वाडीला वेगळी पंचायत मिळाली तर तिची मुक्ती होईल, हेही गृहीत धरता येत नाही. दीडशे माणसांतही वजनदार घर असतेच.

मग प्रश्न गटाच्या आकाराचा उरत नाही. केरळात राज्यभर मिळून ९४१ ग्रामपंचायती आहेत. एकेक पंचायत महाराष्ट्रातल्या कित्येक गटांएवढी मोठी. तरी तिथे ग्रामसभा पंचायतीची भरत नाही, प्रत्येक वॉर्डाची वेगळी भरते. पश्चिम बंगालात मतदारसंघाच्या पातळीवर ग्राम संसद असते. वरचे शरीर मोठे, पाय छोटे. महाराष्ट्राने उलटे केले: पंचायती त्या मानाने लहान, पण ग्रामसभा संपूर्ण गटाची एकच. तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तो. गटाच्या मोठ्या गावातूनच शंभर माणसे सहज जमतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढे तीही अट राहत नाही. आराखडा करताना वॉर्डसभा घेण्याच्या सूचना येतात, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या मोहिमेत त्यांचा उल्लेखही आहे. निर्णय मात्र ग्रामसभेकडेच राहतो. डोंगराकडच्या वाडीतून सकाळच्या सभेला यायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे हजेरीच्या वहीत वाडी नसते आणि वहीत नाही म्हणून ठरावात नसते.

अनुसूचित क्षेत्रांत यावर उत्तर निघाले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाडा किंवा वाडी स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकते आणि तिची ग्रामसभा वेगळी भरते. शेजारचा ठाणे आणि त्यापलीकडचा पालघर हे जिल्हे अंशतः त्यात येतात. रायगड येत नाही. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असलेल्या कातकऱ्यांच्या असंख्य वाड्या या जिल्ह्यात असूनही पेसाचे दार त्यांना बंद आहे. उरते २००६ च्या वनहक्क कायद्याचे. त्यात वाडीची वेगळी ग्रामसभा मान्य आहे, पण ती वनजमिनीच्या दाव्यापुरती. म्हणजे जंगलाच्या बाबतीत जी वाडी गाव ठरते, तीच पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत दुसऱ्या गावाचा एक कोपरा ठरते.

वाडीला गट फार मोठा पडतो, तसा बांधाला तो फार छोटा पडतो. १९४८ चा आणि नंतर १९७९ चा खारभूमी कायदा आल्यावर खारबंदिस्तीची जबाबदारी शासनाच्या खात्याकडे गेली. जोळ हळूहळू मोडली. बांध सरकारचा झाला, तेव्हा खांड बुजवायचे कामही सरकारचे झाले, आणि सरकारचा कंत्राटदार भरतीचे वेळापत्रक पाहून येत नाही. एका बांधाआड तीन पंचायतींची शेती असेल तर पाठपुरावा कोणत्या पंचायतीने करायचा हे ठरत नाही. खारे पाणी शिरून पडीक पडलेल्या जमिनीवर तिवरे वाढली की पुन्हा शेती करणे कायद्याने आणि व्यवहाराने कठीण होते. अलिबागच्या शहापूर-धेरंड परिसरात औद्योगिक भूसंपादनाचा वाद पेटला तेव्हा खारबांधांची निगा हा त्यातला कळीचा मुद्दा ठरला. पिण्याच्या पाण्याचेही तेच. उमटे धरणावरच्या योजनेचे नळ अलिबाग तालुक्यातल्या कितीतरी पंचायतींत जातात. वाहिनीच्या शेवटच्या टोकाचे गाव आपल्या सरपंचाला धरते, आणि सरपंचाच्या हाती धरणही नसते आणि वाहिनीही.

मोठ्या प्रकल्पांच्या वेळी तर शासन स्वतःच गटाची शीव विसरते. विशेष आर्थिक क्षेत्राच्या वादात २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात लोकांचे मत आजमावले गेले. ते घेतले हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत. एकक ठरवले कालव्याने, आणि ते योग्यच होते, कारण वाद ओलिताखालच्या जमिनीचा होता. त्याआधी आणि नंतर मात्र पद्धत वेगळी राहिली. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली, तेव्हा २९ गावे एका अधिसूचनेने शहरात आली आणि त्यांच्या पंचायती संपल्या. २०२४ मध्ये अटल सेतूच्या अलीकडे नव्या शहरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांचे क्षेत्र अधिसूचित झाले. या गावांत पंचायती आहेत, पण बांधकाम कुठे आणि किती व्हावे याचा निर्णय महानगर प्राधिकरणाकडे गेला. दोन वाड्या एका पंचायतीत नीट नांदाव्यात म्हणून चाललेली खटपट आणि १२४ गावांचे भवितव्य एका नकाशावर आखणारी लेखणी, ही दोन्ही एकाच राज्याच्या कारभारात शेजारी शेजारी आढळतात.

गटाचा कारभार सुधारण्याजोग्या काही गोष्टी घटना न बदलता होऊ शकतात. गावनिहाय आणि वाडीनिहाय जमाखर्च फलकावर लावणे ही त्यांतली सर्वांत स्वस्त. प्रत्येक महसुली गावाची आणि वाडीची सभा आधी भरवून तिचा ठराव गटाच्या ग्रामसभेने कारणे नोंदवल्याशिवाय फेटाळू नये, एवढी दुरुस्ती नियमांत करता येईल. बांध, धरण आणि कचरा यांसाठी पंचायतींनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची सोय ग्रामपंचायत कायद्यात आहेच; जोळीचा अनुभव अजून ज्यांच्या आठवणीत आहे ती पिढी असेतोवर ती वापरून पाहण्यात शहाणपण आहे. जोडणी किंवा विभाजन करताना ज्या गावाचे भवितव्य ठरते आहे त्या गावाचे वेगळे मत मोजणे हे अधिक अवघड काम. त्यासाठी कायद्याच्या कलम ४ मध्ये ‘गाव’ या शब्दापाशीच पुन्हा जावे लागेल.

तोवर स्वतंत्र ग्रामपंचायतीचे प्रस्ताव येत राहतात. काही वर्षे फाइल फिरते, एखादा मंजूर होतो, नवी पाटी लागते, पहिल्या सरपंचाची मिरवणूक निघते. नव्या पंचायतीला स्वतःचा ग्रामसेवक मिळतोच असे नाही. पुष्कळदा जुन्या पंचायतीचा ग्रामसेवकच दोन्हींचा कार्यभार पाहतो, आणि आठवड्यातले ठरलेले दिवस सोडले तर धाकट्या गावातल्या माणसाला दाखल्यासाठी पुन्हा पूर्वीच्याच कार्यालयात जावे लागते.